‘ई’ की ‘एफई’? क्रॉप सेन्सरसाठी लेन्स निवडताना

सोनीच्या दोन लेन्स आहेत. एकीवर लिहिलंय ‘ई १.८/३५ ओएसएस’, दुसरीवर ‘एफई १.८/३५’. मॉडेल नंबरात शेवटच्या एका ‘एफ’चा काय तो फरक. माउंट, म्हणजे लेन्स कॅमेऱ्याला जोडायची खाच, एकच, त्यामुळे ए६४०० सारख्या छोट्या कॅमेऱ्यावर दोन्ही चपखल बसतात, आणि गोंधळ इथेच सुरू होतो.

‘ई’ लेन्स क्रॉप सेन्सर (ए६४०० मधला, फुलफ्रेमपेक्षा लहान) झाकला जाईल एवढीच प्रतिमा पाडते. ‘एफई’ची प्रतिमा ३६ × २४ मिमीच्या फुलफ्रेम सेन्सरला पुरते, क्रॉप कॅमेरा त्यातला मधला भाग तेवढा वापरतो.

पण म्हणून क्रॉप कॅमेऱ्यावरचं दृश्य फुलफ्रेमशी ताडताना ‘एफई’च्या आकड्याला दीडने गुणायचं आणि ‘ई’च्या नाही, हा समज साफ चुकीचा आहे. ३५ हा आकडा लेन्सच्या खऱ्या फोकल लेंग्थचा असतो, मिमीमध्ये (तो जितका लहान, तितकं दृश्य रुंद). क्रॉप कॅमेऱ्यावर दोन्ही ३५ अगदी सारखंच दृश्य दाखवतात, फुलफ्रेमवरच्या साधारण ५२ मिमीएवढं. एफ/१.८ ला, म्हणजे लेन्सचं छिद्र तेवढं उघडं असताना, एक्स्पोजरही तेच.

मग निवडायचं कशावरून? मी आधी ओएसएस बघतो, म्हणजे हाताची थरथर सावरणारं लेन्समधलं स्टॅबिलायझेशन. ए६००० आणि ए६४०० च्या बॉडीत स्टॅबिलायझेशन नाही, आणि या ‘एफई’ ३५ मध्येही नाही. ‘ई’ ३५ मध्ये आहे. संध्याकाळच्या अपुऱ्या उजेडात स्थिर वस्तूचा फोटो हातात कॅमेरा धरून १/१५ सेकंदाला काढून बघा, फरक लगेच कळेल. (धावणारं मूल मात्र ओएसएसने थांबत नाही, तिथे शटर स्पीडच वाढवावा लागतो.) शिवाय ‘ई’ सुमारे १५४ ग्रॅमची, ‘एफई’ २८० ची. लहान कॅमेरा घेतला तो रोज जवळ बाळगता यावा म्हणूनच ना? माझं मत सरळ ‘ई’ला.

‘पुढे फुलफ्रेम घेणार आहे’ हे कारण खरं असेल तर वजनदार आहे. २४ मेगापिक्सेलच्या फुलफ्रेम ए७ III वर ‘ई’ लेन्स लावली की कॅमेरा फ्रेम कापतो आणि हातात जेमतेम १० मेगापिक्सेल उरतात. पण ते ‘पुढे’ कधी हे ठरलेलं नसेल, तर आजच्या फोटोंचा विचार आधी करा.

‘एफई’ म्हणजे जड, असंही धरून चालू नका. ५० मिमी एफ/१.८ मध्ये ‘एफई’च हलकी आहे, १८६ ग्रॅम, ‘ई’ २०२. तरी मी ‘ई’च घेईन, कारण तिच्यात ओएसएस आहे आणि त्या ‘एफई’चा ऑटोफोकस संथ नि आवाज करणारा आहे. व्हिडिओत तो आवाज ऐकू येतो.

झूममध्ये तर फुलफ्रेमची लेन्स फार अडवते. ‘एफई’ २४-१०५ क्रॉपवर फुलफ्रेमच्या ३६ मिमीएवढ्या दृश्यापासून सुरू होते. छोट्या खोलीत पाठ भिंतीला टेकली तरी सगळे जण फ्रेममध्ये मावत नाहीत. ‘ई’ १६-५० तिथे २४ मिमीएवढ्या दृश्यापासून सुरू होते, आणि वजन फक्त ११६ ग्रॅम.

पक्ष्यांच्या फोटोंसाठी मात्र ‘एफई’ २००-६०० बिनदिक्कत लावा. ६०० मिमीला एफ/६.३ हवं तर पुढची काच साधारण ९५ मिमी रुंद लागतेच, सेन्सर कुठलाही असो. क्रॉपपुरती वेगळी लेन्स बनवूनही तिथे वजन फारसं वाचत नाही.