वीनरच्या दहा वर्षं आधी: रोमानियातल्या एका डॉक्टरचा दावा

उन्हात अंग तापलं की घाम येतो, घामाने अंग निवतं आणि निवलं की घाम थांबतो. परिणामच मागे फिरून कारणाला आवर घालतो. यालाच फीडबॅक म्हणतात. सजीव आणि यंत्रं या दोघांचंही नियंत्रण अशा वर्तुळांतून चालतं, हे अमेरिकन गणितज्ञ नॉर्बर्ट वीनर यांनी १९४८ मध्ये ‘सायबरनेटिक्स’ या ग्रंथात गणितासह मांडलं. तेच या शास्त्राचं नाव झालं.

श्तेफान ओडोब्लेझा हे रोमानियाचे लष्करी डॉक्टर. त्यांचा मानसशास्त्रावरचा फ्रेंच ग्रंथ १९३८-३९ मध्ये दोन खंडांत निघाला होता. मन, शरीर, यंत्र या सगळ्यांना तेच नियम लागू पडतात आणि कारण-परिणामांची वर्तुळं सर्वत्र दिसतात, हा त्यातला गाभा. पण लगेच महायुद्ध पेटलं आणि ग्रंथ मागे पडला. पुढे कम्युनिस्ट सत्ता आली. स्टालिनच्या शेवटच्या वर्षांत सोव्हिएत संघात सायबरनेटिक्सला ‘भांडवलदारांचं छद्मविज्ञान’ ठरवलं गेलं होतं. त्या छायेतल्या रोमानियात ‘सायबरनेटिक्स वीनरच्या आधी मी मांडलं’ असा दावा करणार तरी कोण?

१९६० च्या दशकात वारं फिरलं. निवृत्त ओडोब्लेझांना वीनरच्या विचारांत आपलेच विचार दिसले आणि उरलेलं आयुष्य त्यांनी श्रेय मिळवण्यासाठी वेचलं. रोमानियाचा कम्युनिस्ट हुकूमशहा चौशेस्कू याच्या राजवटीत ‘हे आधी रोमानियनांनीच शोधलं’ असं म्हणण्याची लाट होती, तिने हा दावा उचलून धरला. ऑगस्ट १९७८ मध्ये ॲम्स्टरडॅमच्या सायबरनेटिक्स परिषदेत त्यांचा निबंध सादर झाला. आजारपणामुळे ते स्वतः जाऊ शकले नाहीत. ४ सप्टेंबरला ते वारले.

वीनरनी ओडोब्लेझांचा ग्रंथ वाचल्याचा कोणताही पुरावा नाही, त्यामुळे त्यांनी या कल्पना चोरल्या हा आरोप मला अन्यायाचा वाटतो. शिवाय वाफेच्या इंजिनाचा वेग आपोआप राखणाऱ्या गव्हर्नर या यंत्रणेचं गणित भौतिकशास्त्रज्ञ जेम्स क्लार्क मॅक्सवेलनी १८६८ मध्येच केलं होतं. ओडोब्लेझांकडे समीकरणं नव्हती, आणि समीकरणांशिवाय एखादं नियंत्रण स्थिर राहील की डगमगेल हे आधी सांगता येत नाही. पण वैद्यकापासून यंत्रापर्यंत एकच सूत्र शोधण्याची त्यांची झेप अस्सल होती. ती काटेकोरपणे तपासली जायला हवी होती. राष्ट्राभिमानाच्या गजरात ते राहूनच गेलं. रोमानियन अकादमीने त्यांना मरणोत्तर सदस्यत्व दिलं ते १९९० मध्ये, राजवट कोसळल्यावर.