रानकंदाला चिकटलेलं हार्मोनचं नाव

पाळी जायच्या वयात होणाऱ्या त्रासावर 'वाइल्ड याम'च्या कॅप्सूल आणि मलमं विकली जातात. हा याम म्हणजे आपल्या कोनफळाच्या, करांद्याच्या कुळातला रानकंद. त्याचं नाव प्रोजेस्टेरॉन या स्त्रियांच्या हार्मोनशी जोडलं गेलं ते मेक्सिकोत, १९४०च्या दशकात.

तोवर प्रोजेस्टेरॉन सोन्याहून महाग होतं. पेनसिल्व्हेनियातले रसायनशास्त्रज्ञ रसेल मार्कर यांनी वनस्पतींतल्या डायोस्जेनिन या द्रव्यापासून ते बनवायची रीत बसवली. अडत होतं ते कच्च्या मालासाठी. १९४२ मध्ये मेक्सिकोतल्या व्हेराक्रूझच्या डोंगराळ भागात, एका स्थानिक दुकानदाराच्या मदतीनं, त्यांना 'काबेसा दे नेग्रो' हा यामच्याच कुळातला, डायोस्जेनिन असलेला भलामोठा कंद मिळाला. अमेरिकी औषध कंपन्यांनी पैसा घालायला नकार दिला, तेव्हा १९४४ मध्ये मेक्सिको सिटीतच 'सिन्टेक्स' ही कंपनी उभी राहिली. मार्कर वर्षभरात तिथून बाहेर पडले, पण प्रोजेस्टेरॉनचे भाव कोसळले ते कोसळलेच. पुढे डायोस्जेनिननं जास्त समृद्ध असा त्याच कुळातला बार्बास्को कंद वापरात आला. १९५१ मध्ये सिन्टेक्सच्याच प्रयोगशाळेत लुईस मिरामोंतेस यांनी नॉरएथिन्ड्रोन हे प्रोजेस्टेरॉनसारखं काम करणारं द्रव्य तयार केलं. गर्भनिरोधक गोळ्यांत ते आजही असतं.

या सगळ्यासाठी बार्बास्को जंगलातून खणून आणत होते दक्षिण मेक्सिकोतले हजारो गरीब शेतकरी. त्यांच्या हाती फार थोडं पडलं, आणि मला ही गोष्ट सांगताना ते आधी आठवतात. १९७५ मध्ये मेक्सिको सरकारनं या व्यापारासाठी 'प्रोक्विवेमेक्स' ही सरकारी कंपनी काढली, तोवर उद्योग दुसऱ्या कच्च्या मालाकडे वळू लागला होता.

कंदातून हार्मोन निघालं हे खरं, पण ते प्रयोगशाळेत, एकामागून एक रासायनिक प्रक्रिया करून. माणसाच्या शरीरात डायोस्जेनिनचं प्रोजेस्टेरॉन होत नाही. जाहिरातीत नेमका हाच दुवा गाळला जातो. २००१ मध्ये ऑस्ट्रेलियात २३ स्त्रियांवर वाइल्ड याम मलमाची चाचणी झाली. अंगातून येणाऱ्या गरम वाफांवर त्याचा परिणाम औषध नसलेल्या मलमापेक्षा वेगळा दिसला नाही. पुढच्याच वर्षी अमेरिकेतल्या एका मोठ्या अभ्यासात पाळी गेल्यावर इस्ट्रोजेन हे हार्मोन आणि प्रोजेस्टिन (प्रोजेस्टेरॉनसारखं कृत्रिम हार्मोन) एकत्र घेणाऱ्या स्त्रियांत स्तनाच्या कर्करोगाचा धोका वाढलेला दिसला. असंख्य बायकांनी धास्तीनं हार्मोनची औषधं सोडली आणि अनेकजणी वनस्पतींकडे वळल्या.

काही याम मलमांत तयार प्रोजेस्टेरॉनही मिसळलेलं असतं. म्हणून डॉक्टरांकडे जाताना ती डबी सोबत न्यावी.