किमान आघात गिरिभ्रमण

वृक्षरेषेच्या (जिच्या वर झाडे वाढत नाहीत अशा उंचीच्या) वरच्या नाजूक पर्वतप्रदेशात पदभ्रमण, आरोहण वा मुक्काम करताना तेथील माती, वनस्पती, पाणी व वन्यजीव यांना शक्य तितकी कमी इजा व्हावी, अशा रीतीने वागण्याची पद्धत. तिचा उगम बहुधा अमेरिकेत मानला जातो. १९६४ च्या वाइल्डरनेस (वन्यप्रदेश संरक्षण) कायद्यानंतरच्या काळात तेथील वनसेवेने दिलेल्या सूचनांतून ‘लीव्ह नो ट्रेस’ (मागे खूण ठेवू नका) हा कार्यक्रम आकारास आला. तथापि वनस्पतिरोगतज्ञ मायनेके यांनी कॅलिफोर्नियातील रेडवुड वृक्षांच्या मुळांवर होणारा पर्यटकांच्या वर्दळीचा परिणाम १९२८ मध्येच नोंदविला होता, तर आंतरराष्ट्रीय गिर्यारोहण महासंघाची पर्वतरक्षणविषयक काठमांडू घोषणा १९८२ ची आहे. त्यामुळे ही पद्धत अनेक ठिकाणी स्वतंत्रपणे घडत गेली, हे मत अधिक ग्राह्य वाटते.

चालणाऱ्यांनी एकाच वाटेने जावे की पांगून, हा यातील मुख्य वाद आहे. कोल व बेफील्ड या संशोधकांनी १९९३ मध्ये मांडलेल्या प्रमाणित चाचणीत दीड मीटर लांब व अर्धा मीटर रुंद पट्ट्यांवरून २५, ७५, २०० व ५०० वेळा चालून उरलेले वनस्पती-आच्छादन मोजतात. अशा अभ्यासांत सर्वसाधारणपणे असे दिसते की, सुरुवातीच्या थोड्या फेऱ्यांतच नुकसान झपाट्याने होते आणि पुढे त्याचा वेग मंदावतो. म्हणून मळलेली वाट असेल, तर ती चिखलाची असली तरी तिच्या मधूनच चालणे इष्ट होय. कडेने गेल्यास वाट रुंदावते. वाट मुळीच नसलेल्या भागात मात्र पांगून, शक्यतो खडक, खडी किंवा बर्फ यांवरून चालावे.

अशा उंचीवर वाढीचा हंगाम अगदी थोडा असतो. गादीसारख्या वाढणाऱ्या वनस्पतींचा थर एकदा फाटला की उघडी पडलेली माती वारा, पाणी व गोठण-वितळण यांमुळे निघून जाते. कोलोरॅडोतील रॉकी मौंटन राष्ट्रीय उद्यानात कुंपण घातलेल्या क्षेत्रांचे निरीक्षण करून विलर्ड व मार यांनी १९७१ मध्ये दाखविले की, तुडविलेली भूमी पूर्ववत होण्यास शतके लागू शकतात. थंडीमुळे विष्ठेचे विघटनही फार सावकाश होते. म्हणून ती पुरण्यापेक्षा पिशवीत भरून खाली आणणे योग्य ठरते. लाकूड दुर्मिळ असल्याने शेकोटीऐवजी स्टोव्ह वापरतात.

उत्तराखंड उच्च न्यायालयाने ऑगस्ट २०१८ मध्ये बुग्याळांवर, म्हणजे हिमालयातील उंच कुरणांवर, रात्रीच्या मुक्कामास बंदी घातली आणि पर्यटकांची संख्या २०० पर्यंत मर्यादित केली.