चावे फक्त मुलाच्याच अंगावर? तरीही ढेकूण असू शकतात

बरेच दिवस फिरणारा समज असा: एकाच अंथरुणात झोपून फक्त लहान मुलाच्या अंगावर खाजऱ्या गाठी उठत असतील, तर ते ढेकूण नाहीत, ढेकूण असते तर सगळ्यांनाच चावले असते.

चावे सगळ्यांनाच बसलेले असू शकतात, पण गाठ चाव्याची नसते, किड्याच्या लाळेवर शरीराने दिलेल्या प्रतिक्रियेची असते. पुष्कळ मोठ्या माणसांच्या त्वचेवर काहीच उमटत नाही. साधारण २ ते १० वर्षांच्या मुलांत ही प्रतिक्रिया तीव्र असते; नवा चावा बसला की जुन्या, बऱ्या झालेल्या गाठीही पुन्हा फुगतात. शिवाय गाठ कधी काही दिवसांनी उठते, त्यामुळे ‘काल रात्री कुठे झोपला होता’ यावरून माग लागत नाही. तीन चावे एका रांगेत, ही खूणही भरवशाची नाही.

म्हणून त्वचा नको, अंथरूण तपासा. टॉर्च घेऊन गादीच्या शिवणी, पलंगाचे सांधे, स्क्रूची भोकं बघा. काळे ठिपके ओल्या कापसाने पुसल्यावर तांबूस-तपकिरी फरफटले, तर ती ढेकणांची विष्ठा असण्याची दाट शक्यता. सोबत फिकट कात किंवा सुमारे ५ मिमीचा चपटा किडा दिसला की शंका मिटली. गादीवर कीटकनाशक मात्र फवारू नका, मूल त्यावरच झोपणार आहे.

खाजेवर १० मिनिटं थंड ओली घडी, आणि नखं कापलेली. गाठीत पू, पसरणारी लाली किंवा ताप असेल तर डॉक्टरांना दाखवा. ओठ सुजले किंवा श्वास लागला तर ताबडतोब दवाखाना गाठा.