बर्डेकिनचा गाळ: कुरणांपासून प्रवाळांपर्यंत

ऑस्ट्रेलियाच्या ग्रेट बॅरियर रीफवरच्या जुन्या प्रवाळांत, झाडाच्या खोडात असतात तशी, वर्षावर्षाच्या वाढीची वलये असतात. नदीच्या गाळाला चिकटलेला बेरियम हा धातू खाऱ्या पाण्यात सुटतो आणि प्रवाळाच्या सांगाड्यात जाऊन बसतो, म्हणून वलयातल्या बेरियमवरून त्या वर्षीच्या गाळाचा अंदाज येतो. टाउन्सव्हिलच्या उत्तरेकडील हॅवाना रीफवरच्या प्रवाळात ही नोंद सुमारे १७५० पर्यंत मागे जाते. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासातून दिसले ते असे: १८७० च्या आसपासपासून बेरियम वाढू लागतो, आणि क्वीन्सलँड राज्यातल्या बर्डेकिन नदीतून समुद्रात जाणारा गाळ पूर्वीच्या पाच ते दहा पट होतो.

त्याआधी थोडीच वर्षे, १८६१ पासून, हा प्रदेश युरोपीय वसाहतवाल्यांच्या चराईसाठी खुला झाला होता. मूळ रहिवाशांना हुसकावून आधी मेंढ्या आणल्या गेल्या. इथले कुसळी गवत त्यांना मानवले नाही, म्हणून लवकरच गुरे आली. बर्डेकिनचे पाणलोट क्षेत्र सुमारे १,३०,००० चौरस किलोमीटर आहे, महाराष्ट्राच्या चाळीस टक्क्यांहून जास्त. त्यातली बहुतेक जमीन आजही चराईखालीच आहे.

जुन्या काळी दुष्काळ क्रूरपणे का होईना, पण गुरांची संख्या कमी करत असे. १८९४ मध्ये क्वीन्सलँडमध्ये सुमारे सत्तर लाख गुरे होती. मोठा दुष्काळ आणि गोचीडताप यांमुळे १९०३ पर्यंत ती पंचवीस लाखांवर आली. जमिनीला तेवढीच उसंत. ती उसंत पुढे संपली, आणि या इतिहासातला हाच कळीचा भाग आहे. १९३३ मध्ये अमेरिकेतून वशिंडाची ब्राह्मण जातीची गुरे आणली गेली. या जातीच्या पूर्वजांत गीर, ओंगोल यांच्याबरोबर आपल्या कृष्णाकाठची गुरेही आहेत. गोचीड आणि ऊन सोसणारे, निकस गवतावर तगणारे हे रक्त पुढच्या काही दशकांत उत्तरेतल्या बहुतेक कळपांत उतरले. सोबतीला युरिया आणि मळीचा पूरक खुराक आला. १९७४ ला गोमांसाचे भाव कोसळले, तेव्हा न विकलेली गुरे रानातच राहिली. मग १९८० च्या दशकातले दुष्काळ आले. यावेळी गुरे जगली आणि गवत मेले. खोल मुळांची, झुपक्यांनी वाढणारी बहुवर्षीय गवते मोठ्या क्षेत्रावरून गेली. त्यांच्या जागी दक्षिण आशियातून आलेले, जमिनीलगत पसरणारे ‘इंडियन काउच’ गवत फोफावले.

हे गवत जमीन झाकते, पण पाणी फारसे मुरू देत नाही. त्यामुळे उपग्रहाच्या चित्रात आच्छादन सुधारलेले दिसते आणि ओढ्याला पाणी मात्र पूर्वीइतक्याच जोराने येते. आच्छादनाची टक्केवारी वाचताना गवत कोणते हे विचारायलाच हवे.

१९८७ साली पूर्ण झालेल्या बर्डेकिन फॉल्स धरणात जाड गाळ अडतो, अतिबारीक गाळ बराचसा निसटतो. धरणाखाली मिळणाऱ्या बोवेन नदीचा गाळ तर थेट समुद्रात जातो. ०.०२ मिलिमीटरहून बारीक कण खरे घातक: ते दूरवर जातात आणि वाऱ्या-लाटांनी पुन्हा पुन्हा ढवळले जातात. सागरी गवताला ऊन मिळत नाही, मग ते गवत खाणारी कासवे आणि ड्यूगाँग हे सागरी सस्तन प्राणी उपाशी राहतात.

२००३ मध्ये रीफसाठी पहिला जलगुणवत्ता आराखडा झाला, तेव्हा भर उतारावरच्या धुपीवर होता. अणुचाचण्यांतून पडलेले किरणोत्सारी सीझियम मातीच्या वरच्या थरातच राहते. पुढे गाळातल्या त्याच्या खुणांवरून कळले की बराचसा गाळ खालच्या थरांतला, म्हणजे घळींचा आणि नदीकाठांचा आहे. त्यामुळे काम दोन वाटांनी निघाले.

पहिली वाट चराईची. चार्टर्स टॉवर्सजवळ वाम्बियाना येथे १९९७ पासून चाललेल्या प्रयोगात साधारण चार हेक्टरला एक आणि आठ हेक्टरला एक जनावर अशी तुलना आहे. चांगल्या पावसाच्या वर्षांत दाट चराईला नफा दिसला. कोरडी वर्षे आली तसा तो विकतच्या चाऱ्यात बुडाला. यातून ठरलेली रीत अशी: पावसाळा संपताना शिल्लक गवत मोजून गुरांची संख्या ठरवायची, आणि पावसाळ्याच्या सुरुवातीचे सहा ते आठ आठवडे आळीपाळीने एकेका कुरणात चराईबंदी ठेवायची. नदीकाठी कुंपण घालायचे तर काठाच्या माथ्यापासून मागे, आणि आधी पाण्याची कुंडी दूर बांधून. नाहीतर तहानलेली गुरे कुंपण मोडतातच. बर्डेकिन खोऱ्यात डिसेंबर २०२० पासून नियमही लागू आहेत. ३० सप्टेंबरला आच्छादन ५० टक्क्यांखाली असेल, तर जमीन सुधारण्याचे उपाय करणे आणि त्याची नोंद ठेवणे बंधनकारक आहे.

दुसरी वाट घळींची, आणि ती महागडी. इथल्या घळी बहुधा चोपण, म्हणजे सोडियम जास्त असलेल्या मातीत आहेत, ही माती पाण्यात विरघळल्यासारखी सुटते. नुसता दगडी बांध घातला की पाणी त्याच्या खालून बोगदा काढते आणि बांध खचतो. वरच्या बाजूला चर काढून पाणी वळवले, तर वळवलेल्या जागी नवी घळ पडते. कॉलिन्सव्हिलजवळच्या स्ट्रॅथाल्बिन स्टेशनवर (म्हणजे गुरांच्या मोठ्या चराई-मळ्यावर) ‘ग्रीनिंग ऑस्ट्रेलिया’ या पर्यावरण संस्थेने जी पद्धत राबवली, तिच्यात यंत्राने उभे काठ उतरते करतात, चोपणपणा कमी करण्यासाठी मातीत जिप्सम मिसळतात, वर दगड किंवा वाळल्या गवताचे आच्छादन देतात, स्थानिक गवताचे बी पेरतात आणि गुरे बाहेर ठेवतात. तिथे गाळ नव्वद टक्क्यांहून जास्त घटल्याचे मोजमाप आहे. जिप्सम वरवर भुरभुरला तर उपयोग होत नाही, आणि मातीकाम डिसेंबरच्या वादळी पावसाआधी संपले नाही तर उकरलेली सगळी माती त्याच वर्षी समुद्रात जाते.