कॉसमॉस कोणता, गाजरगवत कोणतं?

इंदूरला जूनच्या शेवटी दोन चांगले पाऊस झाले की वाफ्यात हिरवी लव उठते. गेल्या वर्षी गळलेल्या बियांतून आपसूक आलेला पिवळा कॉसमॉस, आणि त्याच्या मांडीला मांडी लावून गाजरगवत. आमचे माळीभैया दोन्हींवर सरसकट खुरपी चालवतात: "सब घास है, भाभीजी." त्यांना काय बोलणार? एका वर्षी मीच महिनाभर गाजरगवताला कौतुकानं पाणी घातलं होतं.

फसायला होतं, कारण दोन्ही सूर्यफुलाच्या कुळातली, दोन्ही अमेरिकेकडून आलेली आणि दोघांची पानं कातरलेली. पण बारकाईनं पाहिलं तर बी फुटतानाच फरक दिसतो. कॉसमॉसची पहिली दोन पानं लांबट, पट्टीसारखी. गाजरगवताची इवलीशी, गोलसर. पुढे कॉसमॉस सरळ उंच होतो आणि पानं समोरासमोर जोडीनं येतात. गाजरगवत मात्र आधी जमिनीलगत पानांची चकती पसरतं, दांडा नंतर. पानं एकाआड एक, राखट, बोटाला लव लागणारी. म्हणून चार-सहा पानं येईपर्यंत खुरपीला हात लावायचा नाही. (झेंडू ओळखणं सोपं: पान चुरगाळा, वास सांगतो.)

त्यापुढे मात्र दिरंगाई नको. गाजरगवत उगवल्यापासून महिना-दीड महिन्यात फुलतं आणि एकेक झाड हजारोंनी बिया टाकतं. पुण्यात १९५५च्या सुमारास नोंदलेलं हे तण देशभर पसरलं ते असंच. जबलपूरच्या तण संशोधन संचालनालयातर्फे ऑगस्टमध्ये त्याच्याविरुद्ध जागृती सप्ताह असतो. तोवर आमच्या वाफ्यातलं फुलून मोकळं झालेलं असतं! पांढरी बारीक फुलं यायच्या आत, माती ओली असताना मुळासकट उपटावं, तेही हातमोजे घालून. अंगावर खाज-पुरळ उठते, कुणाकुणाला दमाही होतो. फुललेलं झाड खताच्या खड्ड्यात टाकलंत तर पुढच्या वर्षी तेच खत वाफ्यात गाजरगवत पेरेल.

कॉसमॉसच्या बाबतीत सगळं उलट. शेवटची फुलं खुडायची नाहीत, झाडावरच वाळू द्यायची. काळपट, सुईसारख्या बिया वाऱ्यानं पडतात, उरलेल्या तुमच्या साडीच्या काठाला चिकटून थेट स्वयंपाकघरात येतात.