इगतपुरी

महाराष्ट्राच्या नाशिक जिल्ह्यातील रेल्वेमुळे वाढलेले शहर व तालुक्याचे ठिकाण. थळ (कसारा) घाटाच्या माथ्यावर, सु. ६०० मी. उंचीवर वसले असून लोहमार्गाने नाशिकरोडच्या नैर्ऋत्येस सु. ५० किमी.वर आहे. पाऊस विपुल, परिसरात मुख्यतः भाताचे पीक.

ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेने (जीआयपी) थळ घाट १ जानेवारी १८६५ रोजी वाहतुकीस खुला केला. शहराच्या वाढीची सुरुवात सामान्यतः याच दिवसापासून धरतात. तथापि घाटमाथ्यापासून पुढचा इगतपुरी–नाशिक मार्ग त्याआधीच, १८६१ च्या सुमारास सुरू झालेला होता. मुंबईकडून येणारी गाडी तेव्हा घाटाच्या पायथ्याच्या कसाऱ्यालाच थांबे. मधला चढ मुंबई–आग्रा रस्त्याने पार करावा लागे. इगतपुरी ही काही वर्षे वरच्या मार्गाचे टोक होती, हे ध्यानात घेता रेल्वेवस्तीचा आरंभ १८६१ च्या आसपास मानणे अधिक सयुक्तिक ठरते.

कसारा–इगतपुरी हे अंतर सु. १४ किमी. असून तेवढ्यात मार्ग सु. ३०० मी. चढतो. कमाल चढ ३७ स १, म्हणजे दर ३७ मी.ला १ मी. मूळ आखणीत घाटाच्या मध्यावर उलटस्थानक होते : गाडी तेथे थांबे, एंजिन दुसऱ्या टोकाला लागे व पुढील चढण उलट दिशेने सुरू होई. पुढे मार्ग बदलून ही अडचण दूर केली. एहेगावचा पूल या मार्गावरील सर्वांत उंच होय. कसाऱ्याला गाडीमागे जोडायची जादा एंजिने (बँकर) इगतपुरीला सुटतात. एंजिनांची देखभाल, पाणी-कोळशाची सोय व एंजिनचालकांची पाळीबदल यांसाठी येथे शेड व रेल्वे वसाहत उभी राहिली. बाजारपेठही तिच्याच आधाराने वाढली.

१९३० च्या सुमारास मुंबईकडून १,५०० व्होल्ट एकदिश (एकाच दिशेने वाहणारी, डीसी) विद्युत् इगतपुरीपर्यंत आली. पुढे भुसावळकडे २५ किलोव्होल्ट प्रत्यावर्ती (दिशा सतत बदलणाऱ्या विद्युतेची, एसी) प्रणाली स्वीकारल्यावर दोन्ही प्रणालींचा सांधा येथेच पडला, व एंजिन बदलण्यासाठी गाड्यांना थांबणे भाग पडे. दोन्ही विद्युत्‌ प्रणालींवर चालणारी एंजिने १९९० नंतर आल्यावर ही निकड कमी झाली, आणि घाटातही प्रत्यावर्ती विद्युत् आल्यावर ती उरली नाही.

घाटनदेवीचे मंदिर व १९७६ मध्ये स्थापन झालेले धम्मगिरी हे विपश्यना केंद्र प्रसिद्ध आहे. समृद्धी महामार्गाचा इगतपुरी–आमणे टप्पा जून २०२५ मध्ये खुला झाला.